नागपूरचा ‘हमिंगबर्ड’

‘आमच्या बागेत हमिंगबर्ड येतो,’ असं नागपुरात कुणी सांगितलं तर तो बहुधा जांभळा शिंजीर असतो, म्हणजे सूर्यपक्षी. हमिंगबर्ड आज फक्त अमेरिका खंडांत आढळतात. पण या घोळाला जुना इतिहास आहे. ब्रिटिश काळात इथे राहणारे कितीतरी युरोपीय शिंजीरालाच हमिंगबर्ड म्हणत. त्यामुळे जुन्या पत्रांत, प्रवासवर्णनांत हा शब्द दिसला की लगेच वहीत उतरवू नका. आधी वर्णन बघा. पक्षी हवेत तरंगत रस पितोय की फांदी धरून? शिंजीर क्षणभर तरंगतो, पण बहुतेकदा बसूनच पितो. दोघांचं नातंही लांबचं आहे. हमिंगबर्ड पाकोळीच्या जवळचा, शिंजीर चिमणी-कावळ्यांच्या गणातला. रस पिण्याच्या गरजेतून बारीक, लांब चोच दोघांनाही वेगवेगळी मिळाली.

फुलांचं प्रकरण जास्त गुंत्याचं आहे. पक्षी आला नाही, त्याची फुलं मात्र आली. हॅमेलियाच्या लालसर नळ्या तिकडे हमिंगबर्डच्या, इथे शिंजीराच्या. (लांब नळी असली तर हे महाराज कधी कधी बुडाशी भोक पाडून रस चोरतात. परागीभवन गेलं उडत!) कर्दळही मूळची अमेरिकेतलीच, पण लिनियसने १७५३ मध्ये तिचं नाव ठेवलं कॅना इंडिका. त्या काळी युरोपात ‘इंडीज’ म्हटलं की त्यात वेस्ट इंडीजही यायचं. तेव्हा ‘इंडिका’ हा काही भारतीयत्वाचा दाखला नव्हे. महाराजबाग भोसल्यांच्या काळातली आहे, म्हणून तिथल्या वाफ्यातली कर्दळही तेवढीच जुनी, असंही म्हणता येत नाही. बागेचं वय आणि झाडाचं वय या दोन वेगळ्या नोंदी.

शिंजीराला या पाहुण्या फुलांची वाट बघावी लागली नव्हती. विदर्भात पळस, पांगारा, धायटी, आंब्यावरचं बांडगूळ होतंच. पळसाच्या परागीभवनात शिंजीराचा मोठा वाटा असल्याचं अभ्यासातून दिसलंय. आजची ‘हमिंगबर्ड गार्डन’ लावताना नर्सरीवाला पळस दाखवत नाही, आणि आपणही मागत नाही.

आणि वर मी ‘आज’ हा शब्द मुद्दाम वापरला. २००४ मध्ये गेराल्ड मायर यांनी जर्मनीत सापडलेल्या हमिंगबर्डच्या जीवाश्मांचं वर्णन प्रसिद्ध केलं. वय, तीन कोटी वर्षांहून जास्त.