जालन्याचे ४५१, पुण्याचे ४४३

जालन्याचा डावखुरा फलंदाज विजय झोल याने २०११-१२ च्या मोसमात १९ वर्षांखालील मुलांच्या कूचबिहार करंडक स्पर्धेत महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. या धावांसाठी त्याने ४६७ चेंडू घेतले. चार दिवसांच्या सामन्यात शंभर-दीडशे धावा या गतीने होणे नवे नाही. पण साडेचारशेच्या पुढे जाईपर्यंत तीच गती राखणे विरळाच. स्पर्धेतील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्येचा हा विक्रम अद्याप कायम आहे.

मात्र मोठ्या डावांच्या जागतिक यादीत झोलचे नाव शोधू गेल्यास सापडत नाही. ती यादी प्रथम श्रेणी सामन्यांची असते आणि १९ वर्षांखालील सामन्यांना तो दर्जा नाही. त्या यादीत ब्रायन लारा (नाबाद ५०१, १९९४), हनीफ महंमद (४९९, १९५९) आणि डॉन ब्रॅडमन (नाबाद ४५२, १९३०) यांच्यानंतर चौथे नाव येते ते महाराष्ट्राच्याच भाऊसाहेब निंबाळकर यांचे. रणजी करंडकाच्या इतिहासात चारशेचा पल्ला गाठणारा दुसरा फलंदाज आजवर झालेला नाही. सर्वात जवळ आला तो मुंबईचा पृथ्वी शॉ. जानेवारी २०२३ मध्ये त्याने ३७९ धावा केल्या. योगायोगाने प्रतिस्पर्धी आसामच होता.

निंबाळकर मूळचे कोल्हापूरचे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात, पूना क्लबच्या मैदानावर, महाराष्ट्राची गाठ काठियावाडशी पडली. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. उत्तरादाखल निंबाळकर आणि के. व्ही. भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागीदारी रचली. भांडारकर २०५ वर बाद झाले, निंबाळकर खेळतच राहिले. तिसऱ्या दिवशी खेळ विश्रांतीसाठी थांबला तेव्हा महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि निंबाळकर ४४३ वर होते. ४९४ मिनिटांच्या त्या खेळीत ४९ चौकार आणि एक षटकार होता. ब्रॅडमन यांच्या त्या वेळच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी साधण्यास अवघ्या ९ धावा हव्या होत्या. पण काठियावाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब यांनी पुढे खेळण्यास नकार दिला. त्यांचा संघ मैदान सोडून गेला आणि सामना महाराष्ट्राला बहाल झाला. पाहुण्या संघाचा कंटाळा समजण्याजोगा असला, तरी एक-दोन षटकांचा धीर धरायला हरकत नव्हती, असेच आजही वाटते.

एवढे लांबलचक डाव भारतीय स्पर्धांत खेळले जातात, यामागे नियमांचाही वाटा आहे. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावातील आघाडी निर्णायक ठरते. त्यामुळे कर्णधारास डाव घोषित करण्याची घाई नसते. जानेवारी २०२४ मध्ये कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात मुंबईच्या ३८० धावांपुढे कर्नाटकाने ८ बाद ८९० धावांचा डोंगर उभा केला. त्यात प्रखर चतुर्वेदीच्या ६३८ चेंडूंतील नाबाद ४०४ धावा होत्या. सामना अनिर्णित राहिला, करंडक कर्नाटकाकडे गेला. त्यापूर्वी अंतिम सामन्यातील विक्रम युवराज सिंगच्या नावे होता. १९९९ मध्ये पंजाबकडून त्याने एकट्याने ३५८ धावा केल्या होत्या. प्रतिस्पर्धी बिहारचा संपूर्ण संघ ३५७ मध्ये बाद झाला होता.

थोडक्यासाठी हुकण्याचा प्रसंग महाराष्ट्राच्या वाट्याला पुन्हा एकदा आला. ऑक्टोबर २०१६ मध्ये वानखेडे स्टेडियमवर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे (नाबाद ३५१) आणि पैठणचा अंकित बावणे (नाबाद २५८) यांनी तिसऱ्या गड्यासाठी ५९४ धावांची अभेद्य भागीदारी केली. संगकारा-जयवर्धने जोडीचा ६२४ धावांचा जागतिक विक्रम ३० धावांवर असताना महाराष्ट्राने २ बाद ६३५ वर डाव घोषित केला. या वेळी मात्र निर्णय आपल्याच संघाचा होता, आणि तो चुकला असे म्हणता येत नाही. ऋषभ पंतच्या ३०८ धावांच्या बळावर दिल्लीने ५९० पर्यंत मजल मारली. महाराष्ट्राला आघाडी मिळाली ती ४५ धावांची. ५९४ चा रणजी विक्रम नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या स्नेहल कवठणकर आणि कश्यप बखले यांनी अरुणाचल प्रदेशाविरुद्ध नाबाद ६०६ धावा करून मोडला.

झोल २०१२ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता आणि २०१४ च्या विश्वचषकात त्याने संघाचे नेतृत्व केले. दरम्यान २०१३ मध्ये त्रिपुराविरुद्ध रणजी पदार्पणातच त्याने द्विशतक झळकावले. भारताच्या वरिष्ठ संघात मात्र त्याला स्थान मिळाले नाही. निंबाळकर यांनाही एकही अधिकृत कसोटी सामना खेळता आला नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये, वयाची ९३ वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस उरला असताना त्यांचे निधन झाले.