आर-३८ : हलच्या आकाशात मोडलेली एअरशिप

ब्रिटिश एअरशिप आर-३८ ही २४ ऑगस्ट १९२१ रोजी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास इंग्लंडमधील हल शहराच्या आकाशात मोडून दुभंगली आणि हंबर नदीच्या मुखात कोसळली. तिच्यावरील ४९ जणांपैकी ४४ जण मरण पावले. २८ ब्रिटिश, १६ अमेरिकी. वादळ नव्हते, शत्रूचा मारा नव्हता. तिचा सांगाडाच वळण घेताना तुटला होता.

ती बांधायला घेतली होती सागरी गस्तीसाठी. १९१८ मध्ये ब्रिटिश नौदलाला अशी एअरशिप हवी होती, की जी तळापासून ३०० मैलांवर, उत्तर समुद्रावर, सलग सहा दिवस पहारा देईल आणि गरज पडल्यास २२,००० फुटांवर चढेल. इतके वर जायचे तर वजन कमी हवे. म्हणून सुमारे ७०० फूट लांबीच्या या अवाढव्य देहाला ड्युरॅल्युमिन या हलक्या मिश्रधातूच्या जाळीदार गर्डरांचा सांगाडा दिला गेला. बाहेरून कापडाचे आवरण, आत सुमारे २७ लाख घनफूट हायड्रोजनच्या पिशव्या. पहिले महायुद्ध संपल्यावर ब्रिटनला तिची गरज उरली नाही, तेव्हा अमेरिकी नौदलाने ती विकत घेतली आणि तिला झेडआर-२ हे नाव मिळाले.

युद्धकाळात उंच उडणाऱ्या जर्मन झेपेलिन एअरशिपांचे सांगाडेही असेच हलके ठेवलेले असत. मात्र ही झेपेलिने विरळ हवेत उडण्यासाठी होती. खाली दाट हवेत त्यांना वेगाने फिरवायचे नाही, हे त्यांचे चालक जाणून होते. वेग तोच असला तरी हवा जितकी दाट, तितका सुकाणूवरचा दाब अधिक. आर-३८ च्या चाचण्या नेमक्या खालच्या दाट हवेत झाल्या.

जुलैमधील तिसऱ्या उड्डाणात वेग वाढवताच एअरशिप खालीवर हेलकावे खाऊ लागली आणि काही गर्डर वाकले. धोक्याची याहून स्पष्ट सूचना मिळणे अवघड. चाचणी अधिकारी प्रिचर्ड यांना दीर्घ चाचण्या हव्या होत्या. हवाई मंत्रालयाने ५० तास पुरेसे मानले. वाकलेले भाग दुरुस्त करून २३ ऑगस्टला सकाळी ती हाउडनच्या तळावरून पुन्हा निघाली. ढगांमुळे ठरलेल्या ठिकाणी उतरता आले नाही, म्हणून रात्र समुद्रावर काढली. दुसऱ्या दिवशी वेगाची चाचणी झाली आणि मग खराब हवामानातले ताण अजमावण्यासाठी सुकाणू जोराने एकदा इकडे, एकदा तिकडे वळवले जाऊ लागले. खाली हलच्या रस्त्यांवर लोक माना वर करून पाहत होते. फुगलेल्या आवरणावर त्यांना तिरप्या सुरकुत्या उमटताना दिसल्या. क्षणात एअरशिप मधून मोडली. पुढच्या भागात स्फोट झाले, पेट घेतलेले अवशेष नदीत पडले. शेपटीचा भाग पेटला नाही आणि त्यामानाने सावकाश खाली आला. वाचलेल्या पाचांपैकी चौघे त्यातच होते. पाचवे होते कप्तान वॉन. मृतांत आराखडा करणारे कॅम्पबेल, एअर कमोडोर मेटलंड, प्रिचर्ड आणि अमेरिकी कमांडर मॅक्सफील्ड होते.

चौकशीत निघालेली गोष्ट आजही अस्वस्थ करते. एअरशिप स्थिर तरंगत असताना वायूची उचल आणि वजन यांमुळे सांगाड्यावर पडणारा भार मोजलेला होता. वळताना हवेच्या दाबाने पडणारा भार मोजलाच नव्हता. सुकाणूचा दाब शेपटीला एका बाजूला ढकलतो, पुढचा लांबलचक देह जडत्वामुळे मागे राहतो आणि मधले गर्डर पिळवटले जातात. या ताणाचे गणित आराखड्यात नव्हते. पुढे आर-१०० या एअरशिपच्या आकडेमोडीचे काम करणारे अभियंते आणि कादंबरीकार नेव्हिल श्यूट यांना या चौकशीचा अहवाल वाचून धक्का बसला होता.

ब्रिटनमधील एअरशिपचे काम काही वर्षे थंडावले. १९२४ मध्ये ब्रिटिश साम्राज्याचे दूरदूरचे भाग जोडण्याच्या योजनेतून आर-१०० आणि आर-१०१ हाती घेतल्या गेल्या, तेव्हा हवेच्या दाबाच्या ताणांचे गणित सक्तीचे झाले. आर-१०१ कराचीला निघाली, तिच्यासाठी कराचीत प्रचंड शेडही उभारलेली होती. ५ ऑक्टोबर १९३० रोजी ती फ्रान्समधील बोव्हेजवळ कोसळून जळाली. त्या ४८ मृतांत हलच्या दुर्घटनेतून वाचलेला एक जण होता.