भोगवर्धनच्या श्रेणी आणि श्रमाचे मोल

जालना जिल्ह्यातील केळना नदीकाठचे भोकरदन आज तालुक्याचे गाव म्हणूनच ओळखले जाते. परंतु हेच प्राचीन काळचे भोगवर्धन. सांची व भारहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांची नावे शिलालेखांत कोरलेली आढळतात. १९७३ साली येथे उत्खनन झाले, तेव्हा सातवाहनकालीन मण्यांबरोबर हस्तिदंतात कोरलेली एक भग्न स्त्रीप्रतिमा मिळाली. तिच्याशी विलक्षण साम्य असलेली मूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडली होती. ते नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. दात्यांची नावे आपणांस ठाऊक आहेत. ती प्रतिमा घडविणाऱ्याचे नाव मात्र कोठेही नाही.

हा अनामिक कारागीर कसा जगत असेल? याचे अप्रत्यक्ष उत्तर नाशिकच्या लेण्यांत मिळते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी उषवदाताने भिक्षूंच्या योगक्षेमासाठी ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. राजाच्या जावयाने विश्वासाने धन सोपवावे, एवढी त्या कष्टकऱ्यांच्या संघटनेची पत होती.

सुमारे साडेसोळा शतकांनंतर, १७७६ साली, ॲडम स्मिथने राष्ट्रांच्या संपत्तीची मीमांसा केली. टाचण्यांच्या कारखान्यात दहा माणसे कामे वाटून घेतात, तेव्हा दिवसाला ४८,००० टाचण्या तयार होतात, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. श्रमविभागणीची मर्यादा बाजारपेठेच्या विस्तारावर अवलंबून असते, हा त्याचा दुसरा सिद्धांत. मणी आणि हस्तिदंत घडविण्यातच आयुष्य घालविणारा कारागीर दूरच्या पेठेशिवाय कसा पोसला जाणार? भोगवर्धन या सिद्धांताची साक्ष देते. मात्र स्मिथला कारागिरांच्या बंदिस्त संघटना खटकत. त्या स्पर्धा रोखतात व गिऱ्हाइकाला लुबाडतात, असे त्याचे मत होते. दिवसभर एकच क्रिया करणाऱ्याची बुद्धी मंदावते, हेही त्याने प्रांजळपणे नोंदविले, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

युरोपातील त्या जुन्या संघटना मोडल्या आणि कामगार गिरणीमालकासमोर एकाकी उभा राहिला. १८६७ साली कार्ल मार्क्सने या एकाकीपणाचे विश्लेषण केले: मजुराजवळ विकावयास श्रमशक्तीखेरीज काही उरत नाही, आणि वेतनापेक्षा तो जे अधिक निर्माण करतो ते मालकाच्या पदरी पडते. १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी आपल्या विश्वपत्रात जुन्या संघटना नष्ट झाल्याची खंत व्यक्त केली. परंतु मार्क्सवाद्यांचा वर्गसंघर्ष नाकारला आणि खासगी मालमत्तेचा हक्क मान्य केला. त्याचबरोबर, दोघांच्या संमतीने ठरलेले वेतनही न्याय्य असेलच असे नाही. कष्टकऱ्याचा निर्वाह त्यात झाला पाहिजे, असे त्यांनी बजावले. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेताना याच विश्वपत्राचे स्मरण केले.

आपल्या देशात मात्र प्रश्न आणखी एका अंगाने बिकट होता. येथे व्यवसाय जन्माला बांधला गेला. १९३६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले की, जातिव्यवस्था केवळ कामाची विभागणी करीत नाही. ती काम करणाऱ्या माणसांनाच उच्चनीच कप्प्यांत विभागते. म्हणून जुन्या श्रेणींचे नुसते गुणगान करून भागणार नाही. संघटना हवी, पण तिचे दार जन्म पाहून उघडणारे नसावे.

आजही भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून हिरवी मिरची परप्रांतांत जाते. बाजारपेठ विस्तारली, स्मिथची अट पुरी झाली. परंतु नाशवंत माल घेऊन एकट्याने उभा असलेला शेतकरी भाव ठरवू शकत नाही. सांगितलेला भाव स्वीकारतो. आणि तीच मिरची भर उन्हात तोडणाऱ्या मजूर बाईची मजुरी त्या शेतकऱ्याच्याही हिशेबात सर्वांत शेवटी येते.

आम्हांस वाटते, हा इतिहास वाचून आपण प्रथम आपल्याच घराकडे पाहावे. आपल्या शेतावर, वाडीत वा स्वयंपाकघरात राबणाऱ्या व्यक्तीची मजुरी आपण कशावरून ठरवितो? शेजारी काय देतो यावरून, की त्या मजुरीत तिच्या घरची चूल पेटते का, हे विचारून?