जलतरण तलावात उतरण्यापूर्वी: पाटीवरचे नियम आणि त्यामागची कारणं

परीक्षा संपल्या की बेळगाव परिसरातल्या मुलांचे पाय पाण्याकडे वळतात. पूर्वी पोहण्याचं शिक्षण मळ्यातल्या विहिरीत व्हायचं. पाठीला सुका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा, कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक काठावर उभ्या असलेल्या काकांच्या हातात. आता शहरात जलतरण तलाव आहेत, उन्हाळी शिबिरं भरतात. पाणी नितळ, खोली ठरलेली, त्यामुळे पालक निर्धास्त असतात. मात्र काठावरचे ते काका बऱ्याचदा दिसत नाहीत, किंवा असले तरी मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले असतात. तलावावरच्या पाटीवर दहा-बारा नियम लिहिलेले असले, तरी पहिला नियम विहिरीवरचाच आहे: काठावर लक्ष ठेवणारा माणूस हवा.

बुडणारा माणूस ओरडत नाही

सिनेमात बुडणारा हात हलवून "वाचवा, वाचवा" ओरडतो. प्रत्यक्षात तोंड पाण्याखाली-वर होत असताना श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, ओरडणार कुठून? हात वर येत नाहीत. ते पाणी खाली दाबत राहतात. शरीर उभं राहतं, मान मागे जाते आणि मिनिटभरात, कधी त्याहून लवकर, माणूस पाण्याखाली जातो. शेजारी खेळणाऱ्यांना वाटतं, हा मजा करतोय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले. त्यात जवळपास चौथा हिस्सा ५ वर्षांखालील मुलांचा होता. म्हणून लहान मूल पाण्यात असेल तर पालकांनी हात पुरेल इतक्या अंतरावर राहावं. हवा भरलेल्या दंडपट्ट्या आणि ट्यूब ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडू नये.

पाटीवरचे नियम कशासाठी?

- आधी अंघोळ: घाम, तेल आणि लघवी यांचा क्लोरीनशी संयोग होऊन डोळे चुरचुरवणारी द्रव्यं तयार होतात. तलावाचा तो उग्र वास जास्त क्लोरीनचा नसतो, बहुतेक वेळा अस्वच्छतेचा असतो.
- जुलाब होत असतील तर पाण्यात नको: क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी नेहमीच्या क्लोरीनमध्येही आठवडाभराहून अधिक तग धरतो. एका आजारी मुलामुळे अनेकांना त्रास होऊ शकतो.
- उथळ बाजूला सूर मारू नये: डोकं तळाला आपटून मानेचा मणका मोडतो आणि माणूस जन्मभर अंथरुणाला खिळतो. डोक्यावर उडी मारायला किमान ९ फूट खोली हवी.
- काठावर पळू नये: ओल्या फरशीवर घसरून डोक्याला मार लागला आणि त्याच अवस्थेत पाण्यात पडलं, तर पट्टीचा पोहणाराही बुडतो.
- केस बांधा, टोपी घाला: तळाच्या जाळीतून पंप पाणी ओढत असतो. जाळी तुटलेली असेल तर त्यात केस अडकू शकतात.
- श्वास रोखण्याची पैज नको: भराभर श्वास घेऊन बुडी मारली की श्वास घ्यायची जाणीव उशिरा होते आणि त्याआधीच शुद्ध हरपते. चांगले पोहणारेही यात जातात.
- दारू पिऊन उतरू नये: फिट येण्याचा त्रास असेल तर प्रशिक्षकांना आधी सांगावं आणि एकटं पोहू नये.

पाणी चांगलं की वाईट?

काठावर उभं राहून खोल बाजूचा तळ बघा. तिथली जाळी स्पष्ट दिसली पाहिजे. पाणी गढूळ असेल तर तळाला गेलेलं मूलही दिसणार नाही, त्यामुळे असा तलाव बंदच ठेवायला हवा. साधारणपणे पाण्याचा पीएच ७.२ ते ७.८ आणि मोकळं क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम असावं. ही तपासणी दिवसातून अनेकदा करून फलकावर लिहिली जाते का, हे विचारायचा सभासदांना हक्क आहे.

केरळमध्ये २०२४ आणि २०२५ साली मेंदूला संसर्ग करणाऱ्या अमिबाचे रुग्ण आढळले. हा आजार फार विरळा, पण बहुतेक वेळा जीवघेणा. कोमट, क्लोरीन नसलेलं गोडं पाणी नाकात गेल्यास तो होऊ शकतो. म्हणून साचलेल्या पाण्यात बुड्या मारणं टाळावं.

तलाव चालवणाऱ्यांची जबाबदारी

जीवरक्षक प्रशिक्षित हवा आणि त्या वेळेत त्याच्याकडे दुसरं काम नको. पोहायला शिकवणं, पावत्या फाडणं आणि पाण्यावर लक्ष ठेवणं ही तिन्ही कामं एकाच माणसाकडे असतील, तर पाण्यावर कुणाचंच लक्ष नाही असं समजावं. १० सेकंदांत आपल्या हद्दीवर नजर फिरवायची आणि २० सेकंदांत बुडणाऱ्यापर्यंत पोहोचायचं, असा जीवरक्षकांच्या प्रशिक्षणातला एक ठोकताळा आहे.

काठावर लांब काठी, दोर बांधलेली रिंग आणि प्रथमोपचार पेटी हवी. खोली ठळक आकड्यांत लिहिलेली हवी. पंप आणि दिव्यांच्या विजेला गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच हवा. क्लोरीनची पावडर आणि आम्ल वेगवेगळं ठेवावं. दोन्ही एकत्र आलं तर विषारी वायू सुटतो. लोक पाण्यात असताना रसायन टाकू नये.

वॉटर पार्क आणि गोव्याचा किनारा

वॉटर पार्कच्या घसरगुंडीवर एका वेळी एकच जण, पाय पुढे करून. खाली पोहोचल्यावर लगेच बाजूला व्हावं. उंचीची अट असेल तर "एकदाच सोडा हो" म्हणून गळ घालू नये.

आपल्याकडून सुट्टीला गोव्याला जाणारे पुष्कळ. तिथल्या किनाऱ्यांवर २००८ पासून दृष्टी संस्थेचे जीवरक्षक असतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहावं. लाल झेंडा दिसला तर पाण्यात उतरू नये, पावसाळ्यात तर अजिबात नाही. तलावात पोहता येतं म्हणजे समुद्रात पोहता येतं असं नाही. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलात तर त्याच्याशी झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा, मग बाहेर या.

कोणी बुडताना दिसलं तर

1. आधी जीवरक्षकाला हाक मारा.
2. काठी, दोर, ओढणी, रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते त्याच्याकडे फेका. पोहता येत नसताना उडी मारू नका. एकाला वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.
3. बाहेर काढल्यावर उलटं टांगू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात वेळ जातो आणि ओकारी श्वासनलिकेत जाऊ शकते.
4. श्वास चालू नसेल तर आधी तोंडाने २ श्वास द्या. मग छातीच्या मधोमध ३० दाब, पुन्हा २ श्वास. दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२०. मदत येईपर्यंत थांबू नका.
5. दुसऱ्याला १०८ किंवा ११२ वर फोन करायला सांगा. हे क्रमांक कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र, तिन्हीकडे चालतात.
6. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही वाढतो.

यंदा मुलाचं नाव शिबिरात घालताना फी विचाराल, तेव्हा आणखी तीन गोष्टी विचारा. जीवरक्षक कोण? एका वेळी पाण्यात किती मुलं? आज पाणी कधी तपासलं? सरळ उत्तर मिळालं नाही तर दुसरा तलाव बघा. आणि मूल पाण्यात असेल तोवर मोबाईल खिशातच राहू दे.