साखळ्यांची धरपकड

पेशी जितक्या तत्परतेनें प्रथिनें घडविते, तितक्याच तत्परतेनें तीं मोडीतही काढते. कोणतें प्रथिन मोडावयाचें याची खूण करणारें एक इवलेसें प्रथिन आहे. त्याचें नांव युबिक्विटिन. अवघ्या ७६ अमिनो आम्लांची ही माळ गिडिऑन गोल्डस्टाइन व त्यांचे सहकारी यांनीं १९७५ सालीं गुरांच्या थायमस ग्रंथींतून वेगळी केली. जिकडे तिकडे सांपडते म्हणून हें सर्वव्यापीपणाचें नांव. (जिवाणूंतही ती आहे, हा त्या वेळचा दावा मात्र पुढें टिकला नाहीं.)

तिचें कार्य उमगलें तें निराळ्याच वाटेनें. हैफाच्या टेक्निऑन संस्थेंत अव्राम हर्श्को व त्यांचे शिष्य आरॉन चिकानोव्हर यांनीं सशाच्या अपक्व रक्तपेशींच्या अर्काचे दोन भाग पाडले. एकटा कोणताही भाग प्रथिनें मोडीना; एकत्र करतांच काम सुरू होई. पहिल्या भागांतील कर्तें द्रव्य उकळूनही शाबूत राहिलें! हें १९७८ सालचें. १९८० मध्यें, फिलाडेल्फियाच्या अर्विन रोझ यांच्या साह्यानें, तें द्रव्य बळी जावयाच्या प्रथिनाला रासायनिक बंधानें जखडतें असें दिसलें. तें युबिक्विटिनच, हेंही त्याच वर्षीं ठरलें. तिघांना २००४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. एका युबिक्विटिनवर दुसरें, त्यावर तिसरें अशी साखळी जडते आणि तीच मृत्युपत्र ठरते, हें १९८९ मध्यें अलेक्झांडर वार्शाव्स्की यांच्या प्रयोगशाळेनें दाखविलें.

खरी अडचण येथेंच उभी राहिली. पेशी फोडली कीं साखळ्या सोडविणारीं एंझाइमें मोकाट सुटतात. पंचनाम्याआधींच पुरावा नाहींसा! पेशींत खूण लावलेलें युबिक्विटिन भरून पाहिलें, तर तिचा मूळचाच तोल ढळण्याची भीति. तेव्हां खूण चोराला नव्हे, शिपायाला लावावी, ही युक्ति पुढें आली. युबिक्विटिनला निसर्गतः चिकटणाऱ्या प्रथिनाचा तुकडा घ्यावयाचा आणि त्याला शेपटी जोडावयाची. अशी एक शेपटी रक्तांत राहणाऱ्या एका चपट्या कृमीच्या एंझाइमाची आहे; स्मिथ व जॉन्सन यांनीं १९८८ मध्यें ती प्रचारांत आणली. ग्लुटाथायोन लावलेल्या मण्यांना ती घट्ट धरते. मणी धुतले कीं शिकार हातीं.

परंतु एकट्या तुकड्याची पकड फार सैल. स्पेनमध्यें बिलबाओजवळ मान्वेल रोद्रिगेस यांच्या गटानें २००९ सालीं असे चार तुकडे ओळीनें जोडले. चौघांनीं मिळून साखळी धरल्यावर पकड शेकडों पटींनीं वाढली. शिवाय एक अधिक लाभ झाला : धरलेली साखळी अर्कांतील एंझाइमांपासून झांकली गेली आणि पी-५३ सारख्या अल्पायुषी प्रथिनांच्या खुणाही टिकून राहिल्या.

हा शिपाई तसा भोळाच. साखळ्यांच्या जाति अनेक. हा सर्वांनाच धरतो. जातिविशेष ओळखणारे शिपाई नंतर घडविण्यांत आले. आणि मण्यांवर आलेलें प्रत्येक प्रथिन साखळी बाळगणारेंच असेल असें नाहीं. कांहीं नुसतीं सोबतीलाही येतात. म्हणून साखळ्या तोडणारें एंझाइम मुद्दाम घालून पुन्हां तपासणी करावी लागते.