औरंगजेबाला पुरून उरलेल्या ताराराणी

मंडळी, परदेशातल्या आपल्या कार्यक्रमांत मुलांचा फॅन्सी ड्रेस असला की दोन-तीन तरी झाशीच्या राण्या स्टेजवर येतातच. यायलाच हव्यात. पण ताराराणी झालेली मुलगी मी अजून पाहिलेली नाही. याचं कारण मला असं वाटतं: लक्ष्मीबाई १८५८ मध्ये लढता लढता गेल्या, ती गोष्ट दोन मिनिटांत सांगता येते. ताराबाई मात्र ८६ वर्षं जगल्या. जगून, टिकून राहिलेल्या माणसाची गोष्ट सांगायला जरा अवघडच!

ताराबाई म्हणजे सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची मुलगी, शिवरायांची सून. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, येसूबाई आणि छोटे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराजांनी थेट जिंजी गाठून राज्य चालवलं. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचंही निधन झालं. तेव्हा ताराबाई होत्या २५ वर्षांच्या, मुलगा शिवाजी जेमतेम चार वर्षांचा. समोर ८१ वर्षांचा औरंगजेब साताऱ्याला वेढा घालून बसलेला. पुढच्याच महिन्यात सातारा पडला. आता खेळ संपला, असंच मोगलांना वाटलं असणार.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणून एक प्रकार असतो. म्हणजे अशी एक जागा, जी बिघडली की अख्खी सिस्टिम बंद. औरंगजेब तीच जागा शोधत होता. राजा मारला, राजधानी घेतली, मग एकेक गड घ्यायला निघाला: १७०१ मध्ये पन्हाळा, १७०२ मध्ये विशाळगड, १७०३ मध्ये सिंहगड, १७०४ मध्ये राजगड आणि तोरणा. यातला तोरणा तेवढा त्याला लढून मिळाला. बाकीच्या गडांवर मराठे महिनोन् महिने झुंजवायचे, पावसाळा जवळ आणायचे, आणि मग पैसे घेऊन सुखरूप बाहेर पडायचे. बादशहाची छावणी पुढे सरकली की गड परत घ्यायच्या मागे लागायचे. गड गेला तरी माणसं शाबूत, आणि वर खर्चाला मोगलांचाच पैसा!

ताराबाईंनी मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार स्वतः पाहिला. रामचंद्रपंत अमात्य, परशुराम त्रिंबक, शंकराजी नारायण, धनाजी जाधव अशा मातब्बर मंडळींना एकत्र धरून ठेवणं काही सोपं नव्हतं. शिवाय त्यांनी लढाई मोगलांच्या घरात नेली. १७०३ मध्ये मराठे नर्मदा ओलांडून माळव्यात शिरले, १७०६ मध्ये गुजरातेत. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार, पण त्यानेसुद्धा त्यांच्या कारभाराची आणि सैन्यावरच्या पकडीची तारीफ केली आहे. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ वारला. पंचवीस वर्षं दक्षिणेत घालवून हे राज्य काही त्याला बुडवता आलं नाही.

पुढचा भाग आपण बहुतेक वेळा गाळतो. मोगलांनी शाहूंना सोडलं आणि घरातच गादीचं भांडण लागलं. त्याच वर्षी खेडच्या लढाईत धनाजी शाहूंकडे गेले. सात वर्षं राज्य राखणाऱ्या बाईपेक्षा थोरल्या घराण्याचा वारस अनेकांना जवळचा वाटला. ताराबाईंनी कोल्हापूरची वेगळी गादी उभी केली. १७१४ मध्ये सवत राजसबाईच्या बाजूच्या लोकांनी त्यांना मुलासकट कैदेत टाकलं. तरी पंचाहत्तरीत त्या पेशव्यांविरुद्ध उभ्या राहिल्या, नातू म्हणून आणलेल्या रामराजालाच साताऱ्यात कैद केलं, आणि १७५२ मध्ये जेजुरीला शपथेवर सांगितलं की हा माझा नातू नव्हेच. पानिपताचं वर्ष पाहून डिसेंबर १७६१ मध्ये साताऱ्यात त्यांचा अंत झाला.

सत्तेचा मोह, हट्ट, घरातलं राजकारण, सगळं या आयुष्यात आहे. ते लपवून मुलांना फक्त पुतळा दाखवू नये असं मला वाटतं. राजा नाही, राजधानी नाही, अशा वेळी जी बाई 'आता संपलं' म्हणाली नाही, तिचं मोठेपण या सगळ्यासकट शिल्लक राहतंच.

पुढच्या भारतवारीत कोल्हापूरला गेलात तर कावळा नाक्यावरचा त्यांचा अश्वारूढ पुतळा मुलांना जरूर दाखवा. आणि साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोडी वाट वाकडी करा. कृष्णाकाठी तिथे त्यांची समाधी आहे.