एका ‘एक’साठी पावणेदोन अब्ज

शिंदखेड्याला घरी गेलो की रविवारी कुठेतरी भटकणं ठरलेलं. या वेळी धुळे, चाळीसगाव करत पाटणादेवी गाठली. निमित्त एका आकड्याचं : १७६६३१९०४९.

मंडळी, याचा वर्ग करा, त्यातून १ वजा करा, उरलेल्याला ६१ ने भागा. येतो तो पुन्हा पूर्ण वर्ग, २२६१५३९८० चा! ६१ साठी यापेक्षा लहान जोडीच नाही (१ आणि ० ही फुकटची सोडून). शेजारच्या ६० चं ३१ आणि ४ वर भागतं, ६२ चं ६३ आणि ८ वर. ६१ लाच एवढा माज का कोण जाणे..

ताळा आधी एक्सेलमध्ये बघितला, तर दोन्ही बाजू सारख्याच! वर्ग १९ अंकी, एक्सेल सांभाळतं १५ अंक. बिचारा १ वाहून गेला. मग ६४ बिटी पूर्णांक घेतले, तेव्हा कुठे एकीकडे ३११९८८२९८२८६०२६४४०१ आणि दुसरीकडे शेवटी ४००. हुश्श!

ही जोडी भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त दिली, ११५० च्या सुमारास. एकेक संख्या टाकून बघायची म्हटली तर मिनिटाला एक, रात्रंदिवस, तरी ४३० वर्षं लागतील. त्यांनी ‘चक्रवाल’ फिरवलं. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा ३ जास्त. ही जोडी ८ आणि १ ची. चुकली, पण टाकायची नाही. योग्य गुणक (इथे ७) लावला की तिच्यातूनच ३९ आणि ५ निघते, ४ ने कमी पडणारी. मग ब्रह्मगुप्ताची (इ.स. ६२८) ‘भावना’, म्हणजे दोन जोड्या जुळवून तिसरी काढायची. त्यातून येतात २९७१८ आणि ३८०५, फक्त १ ने कमी. हिलाच स्वतःशी जुळवलं की आपला आकडा हजर. सगळं मिळून वहीचं एक पान!

१६५७ मध्ये फर्माने फ्रान्समध्ये एका पत्रात हेच ६१ चं कोडं घातलं. पुढे युरोपात समीकरणाला नाव पडलं पेलचं, ज्याचा याच्याशी फारसा संबंध नव्हता. पण ‘आमच्याकडे सगळं होतं’वाल्यांनी हेही लक्षात घ्यावं, की असं उत्तर दर वेळी असतंच याची सिद्धता दिली ती लाग्रांजने, अठराव्या शतकात.

असो. तर पाटण. इथला शके ११२८ चा, म्हणजे १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाडांनी १८६५ मध्ये उजेडात आणला. आचार्यांचा नातू चांगदेव, सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने इथे मठ काढला, आणि निकुंभ सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे. गावच्या बाजारातून मठाला काय काय मिळायचं त्याचा हिशोब. त्यात तेलाच्या घाण्यामागे एक पळी तेलही आहे.